एकाच विंडोतली धुरकट अक्षरं

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमारास मी नवा लॅपटॉप घेतला. घरी बसून छपाईसाठी पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावणं हे माझं काम. त्यासाठीचा प्रोग्रॅम जुना आहे; बनवणाऱ्यांनी तो कधीच सोडून दिलाय, पण जोडाक्षरं माझ्या मनासारखी बसवतो. नव्या लॅपटॉपवर तो सुरू झाला तेव्हा हायसं वाटलं. मग पहिलंच पान उघडलं, तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळलेले.

ऑपरेशन फसलं, हेच डोक्यात आलं. घरात बोलले नाही. सदर भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तक्ता वाचायला लावला, मी शेवटची ओळही वाचली. डोळा छान आहे म्हणाले. माझा विश्वास बसेना. इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला गेले, तर एकेक डोळा झाकून पलीकडच्या पाट्याच वाचत सुटले. दुकानदार काय भाव सांगतोय याकडे लक्ष नव्हतं. पाट्या स्वच्छ दिसायच्या, घरी येऊन पान उघडलं की पुन्हा धूर. जेवता जेवता उठायचे, एखादी ओळ बघायचे, परत ताटावर यायचे.

शेवटी नवऱ्यानं विचारलंच. मी सांगून टाकलं. चष्मा लावून ते शेजारी बसले, बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

"डोळ्याले काहून दोष देऊन राहिली वं?" ते म्हणाले. "मलेबी इथं धुरकटच दिसते. बाजूची मेलची विंडो पाह्य, तिथं लख्ख आहे."

खरंच होतं. मेलमधली अक्षरं मोठी म्हणून नीट दिसतात, असं मी धरून चालले होते.

मग शोधाशोध केली. पडद्यावर विंडो मांडण्याची या लॅपटॉपमधली पद्धत नवी होती. माझ्या प्रोग्रॅमला ती कळत नव्हती, म्हणून मध्ये दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला. तो विंडो आधी लहान काढायचा, मग ताणून मोठी करायचा. त्या ताणण्यात अक्षरं धुरकट होत होती. लॉगिन करताना जुनी पद्धत निवडता येते, असं वाचलं. निवडली. मेनूतली अक्षरं मुंगीएवढी झाली, पण पानावरचा रफार सुईसारखा टोकदार दिसला. मी नवऱ्याला हाक मारली आणि मला रडू आलं.

हातातलं पुस्तक वेळेत छपाईला गेलं. पण लॅपटॉपच्या सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीत जुनी पद्धत काढून टाकणार, असंही त्याच शोधाशोधीत वाचलं होतं. तेव्हापासून दुपारी एक नवा प्रोग्रॅम शिकते आहे. हात सवयीनं चुकीच्या कळांवर जातात, जोडाक्षरं मोडतात. मी उठते, गॅलरीत जाते, पुन्हा येऊन बसते.