बिगर पॉलिशची हळद

सकाळी भाच्याचा, दिलीपचा फोन आला. "मावशी, आई गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पडली का रे?"

"न्हाई मावशी, पडली न्हाई. आंघोळ करून आली, खुर्चीत बसली, आन् बसल्या जागी..." आणि मला रडू यायच्या आधी हायसं वाटलं. सख्खी बहीण गेली आणि हिला हायसं वाटलं, म्हणून कुणी नावं ठेवली तर खुशाल ठेवावीत. आक्का मरणाला भीत नव्हती. आपल्याच घरात दुसऱ्याच्या हाताला धरून फिरावं लागेल, याला भीत होती.

तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. चष्म्यानं किंवा ऑपरेशननं फरक पडायचा नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. घरात मात्र ही "थोडं धुरकट दिसतंय" एवढंच सांगायची. वसमतच्या त्या घराच्या भिंती क्रीम, दारं क्रीम, चौकटीही क्रीम. आल्यागेल्याला मोठ्या कौतुकानं दाखवायचे सगळे. भिंतीवर हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. त्यावरून सूनबाई मनीषा लेकरांना रागवायची, आणि आक्का गप्प ऐकून घ्यायची. एक दिवस स्वयंपाकघराचं दार समजून ती भिंतीवर आदळली, पडली, मनगट मोडलं. मग दिलीपनं फर्मान काढलं, "आई, तू आता उठायचं न्हाई. काय पाहिजे ते जागेवर देतो." पोरगा गुणाचा, तीच तर पंचाईत! वाईट असता तर भांडता आलं असतं. जन्मभर घर हाकलेली बाई पलंगावर पाहुण्यासारखी बसून राहिली. जेवणही निम्म्यावर आलं.

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायला काढला, तेव्हा वास सहन होत नाही म्हणून आक्काला मी हिंगोलीला घेऊन आले. भिंती पुन्हा क्रीमच, पण चौकटी हळदी रंगाच्या करायच्या, अशी मनीषाची हौस. दिलीपनं पेंटर रशीदभाईंना फोनवर निरोप दिला, "चौकटीला हळदीचा कलर मारा." आता रशीदभाईंचं घर मोंढ्यासमोर, हळदीच्या बाजाराला लागून. जन्मभर बघितली ती शिजवून वाळवलेली, पॉलिश होऊन पिवळी व्हायच्या आधीची, पोत्यातली हळद. त्यांनी इमानानं तोच रंग कालवला. मातकट, काळपट, तपकिरी.

मी आक्काला घेऊन बसनं वसमतला पोचले, तर घरात रणकंदन चाललेलं. मनीषा रडकुंडीला आलेली आणि रशीदभाई ब्रश हातात धरून समजावत होते, "ताई, फोनवर हळदच बोलले ना? हळद अशीच राहती. बिगर पॉलिशची हाय, बराबर. पिवळा पाहिजे होता तं पावडर म्हनायचं!" दिलीप म्हणाला, "जाऊ द्या, उद्या सगळं पुन्हा क्रीम करा."

या गोंधळात आक्काकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती उंबऱ्याशी थबकली होती. मग तिनं माझा हात सोडला. बैठक ओलांडून, भिंत न चाचपता, सरळ स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली. आतून माठावरचं झाकण वाजलं.

"आई, तुला दार दिसलं?" दिलीपनं विचारलं.

"दिसून राहिलं ना. फिक्क्या भिंतीत काळं दार दिसनार न्हाई तं काय! आता काहून तो रंग पुसता? राहू द्या." मग जरा थांबून म्हणाली, "आधी समदं एकच दिसायचं रे मला..."

तेव्हा कुठे घराला कळलं की भिंतीवरचा तो पट्टा कुणाच्या हाताचा होता. मनीषा पदर तोंडाला लावून बसली. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी उरलेला रंग न्हाणीघराच्या पायरीच्या काठाला दिला, दिव्यांच्या बटणांभोवती दिला. पाहुणेरावळे नाकं मुरडायचे. एक विहीणबाई म्हणाल्या, "घर हाय का हळदीचं गोदाम?" आक्का म्हणाली, "गोदाम तं गोदाम. पन मी त्यातला माल न्हाई, मालकीन हाय." त्यानंतर कितीतरी वर्षं ती त्या घरात मालकिणीसारखीच वावरली. भाजी फोडणीला टाकली, सुनेशी भांडली, मला फोनवर झापलं. शेवटच्या दिवशीही न्हाणीघरातून खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी आली. यापेक्षा जास्त मी तिच्यासाठी काय मागणार होते?

परवा वसमतला जाऊन आले. घरातली रडारड ओसरली आहे. मी चहा घेत नाही, म्हणून मनीषानं दूध आणलं, गडद निळ्या कपात. पांढऱ्या कपात दूध ओतलं की आक्काला ते कुठवर आलं ते कळायचं नाही, हात भाजायचा. म्हणून त्या घरात चहा पांढऱ्या कपात आणि दूध निळ्यात. माझे डोळे तर धडधाकट. मी कपाकडे बघत राहिले, तशी मनीषा ओशाळली.

"काय करू मावशी, हात तिकडंच जातो."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि कप दोन्ही हातांत धरला. निळ्या काठाच्या आत दूध किती स्पष्ट दिसत होतं...