जाऊबाईंच्या पाळीचा हेवा

"तुमच्या बीजकोशांचं काम थांबत आलंय," असे डॉक्टरबाईंनी सांगितले, तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, आणि मनात पहिला विचार आला तो बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. कुंदाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांना पाळीत फार रक्त जात होते म्हणून त्या आल्या होत्या. मला काहीच येत नव्हते म्हणून मी. आम्ही एकाच रिक्षातून नवीन पनवेलच्या या दवाखान्यात आलो होतो. माझे कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ताईंना सोबत म्हणून जाते, एवढेच मी घरी सांगितले होते. आधीच्या फेऱ्या मी, शिकवते त्या कॉलेजच्या वाटेवर, एकटीने उरकल्या होत्या.

डॉक्टरबाई सावकाश बोलत होत्या. आजाराचे नाव प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी. चाळिशीच्या आत ओव्हरी, म्हणजे बीजकोश, मंदावतात. बीज पिकत नाही, इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक आटते आणि पाळी थांबते. माझ्या रक्तातले एफएसएच वाढलेले होते. एफएसएच म्हणजे मेंदूने बीजकोशांना घातलेली हाक. "तिकडून ओ येत नाही, म्हणून मेंदू आवाज चढवत राहतो," त्या म्हणाल्या. "एका तपासणीवर मी हे बोलले नसते. म्हणूनच महिन्याने पुन्हा रक्त घेतलं."

खोलीत स्पिरिटचा गार वास होता. बाहेर कुंदाताई कोणाशी तरी मोठ्याने हसत होत्या. इतके रक्त जात असूनही हसू शकते ही बाई, असे वाटले. आणि मग अगदी स्पष्टपणे वाटले, की जात आहे म्हणूनच हसू शकते.

हे सुरू झाले ते आदल्या वर्षीच्या गौरींत. माझे सासर पनवेलजवळच्या एका आगरी गावात. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी आमची गौर अजून तेरड्याची येते. ओली, तुरट वासाची, गुलाबी फुलांची जुडी. तिला उंबऱ्यातून आत आणण्याचा मान सुनांचा, आणि पाळी असलेल्या सुनेने तिला शिवायचे नाही. म्हणून श्रावण संपत आला की घरातल्या बायका एकमेकींना तारखा विचारतात आणि केमिस्टकडून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणतात. मुंबईत नोकरदारांच्या घरी वाढलेली मी, लग्नाआधी या प्रथेवर तावातावाने बोलत असे. लग्नानंतर इतरांसारखीच गोळी घेत असे.

एरवी गौर गेली, गोळ्या थांबल्या, की दोन-तीन दिवसांत पाळी येई. त्या वर्षी आली नाही. दिवस राहिले असतील या आशेने घरी तपासणी केली. एकच रेघ उमटली. मी ती पट्टी उन्हात धरून तिरकी करून पाहिली, जणू दुसरी रेघ लाजून मागे उभी असावी. मग सगळा दोष गोळ्यांना दिला आणि वाट पाहत राहिले. बहिणींनो, ही चूक करू नका. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर केमिस्टला नव्हे, डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्यांनी माझे बीजकोश थांबले नव्हते. ते आधीच थकत आले होते. गोळ्या आडव्या आल्यामुळे मला ते उशिरा कळले, इतकेच.

मधल्या काळात माझ्या आजाराचे कौतुक सुरू झाले.

नवरात्र आले, मी मोकळी. पुतण्याची हळद आली, मी मोकळी. नवी गाडी आली, तिची पूजाही मीच केली. सासूबाई भरल्या ओसरीवर म्हणाल्या, "आमच्या मीनलचा बरा हाय. कदी अडचण नाय नि काय नाय. नायतर कुंदा, ऐन वक्ताला बाजूला."

कुंदाताई ओसरीवरच्या पलंगाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या, पाठीशी उशी, अंगाखाली जुनी चादर घडी घालून. "मी काय हौसेनं बसतंय का, आई?" त्या म्हणाल्या. "माझ्या अंगात बोरिंग मारलीय कोणीतरी. पाणी लागलंय, बंदच होत नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या उठल्या तेव्हा चादरीवर एक डाग होता, वाटीएवढा, कडेला तपकिरी, मध्ये अजून ओला. त्यांनी लगबगीने चादर गुंडाळली. मी त्या डागाकडे पाहत राहिले होते. मला आयुष्यात कोणाच्या दागिन्याचा, साडीचा, पदाचा इतका हेवा वाटला नाही, जितका त्या डागाचा वाटला.

हेव्याचे नाक फार तीक्ष्ण असते, हे मला तेव्हा कळले. न्हाणीघरात त्यांच्यानंतर गेले की लोखंडी, उबदार वास येई आणि मी दार लावून तशीच उभी राही. त्यांच्या धाकट्या मुलीला त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा पाळी आली. घाबरलेल्या त्या पोरीला मीच जवळ घेऊन सगळे समजावले, पॅड कसे लावायचे ते दाखवले, आणि खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. तिच्या अंगात ऋतू शिरत होता. माझ्या अंगातून तो न सांगता निघून गेला होता. भाकरी थापताना अचानक छातीपासून कपाळापर्यंत जाळ चढे, मानेवर घाम फुटे, आणि क्षणात थंडी वाजे. याला हॉट फ्लश म्हणतात. मी ते चुलीच्या नावावर खपवले.

निदान झाल्यावर डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. मूल आपोआप होण्याची शक्यता फार कमी, पण अगदीच शून्य म्हणता येत नाही; बीजकोश क्वचित जागे होतात. दुसरी गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली होती. पन्नाशीच्या आसपासपर्यंत संप्रेरकांच्या गोळ्या घ्यायच्या, एचआरटी. त्याने महिन्याला रक्तस्राव येईल, पण बीज सुटणार नाही.

"म्हणजे खोटी पाळी," मी म्हणाले.

"पाळीसाठी देत नाहीये मी," त्या म्हणाल्या. "हाडांसाठी, हृदयासाठी देतेय. तुमच्या शरीराला या वयात जे मिळायला हवं, तेच बाहेरून देतेय."

मी गोळ्या आणल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. नवऱ्याला सांगितले. तो पुष्कळ वेळ माझा हात धरून बसला, पण गोळ्या घे म्हणाला नाही. घेऊ नको असेही नाही. मला उसना ऋतू नको होता. कुंदाताईंचा हवा होता.

आणि कुंदाताईंना तो फेकून द्यायचा होता. "पिशवीच काढून टाका, बाई," त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकले होते. त्यांच्या सोनोग्राफीत अॅडिनोमायोसिस निघाले होते. गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच स्नायूच्या भिंतीत शिरते, गर्भाशय सुजते, पाळीला फार रक्त जाते. हिमोग्लोबिन इतके उतरले होते की जिना चढताना त्या मधेच थांबत. डॉक्टरबाईंचे म्हणणे होते, काढण्याची घाई नको. आधी बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा तपासू, तो ठीक असेल तर संप्रेरक सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवू. बहुतेकींचे रक्त त्याने पुष्कळ कमी होते.

त्यांच्या बायोप्सीच्या दिवशीच माझी डेक्सा झाली. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझा कणा दाखवला. "हाडं विरळ व्हायला लागलीत. अजून मागे वळता येईल. पण गोळ्या कपाटात ठेवून नाही." गोळ्या घेत नाही हे मी सांगितले नव्हते, त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखले असावे.

बाहेर आले तर कुंदाताई बाकावर पोट धरून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. समोर एक गरोदर मुलगी कैरीच्या फोडी खात होती, मीठ-तिखटाचा वास सगळ्या खोलीत पसरला होता.

"तू का गो गप?" त्या म्हणाल्या. "तुकडा माझा काढला, तोंड तुझा उतरला."

मग मी सांगितले. फार थोड्या शब्दांत, समोरच्या मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. पाळी थांबली आहे. कायमची. मूल बहुधा नाही. हाडेसुद्धा विरळ होत आहेत.

कुंदाताईंनी पोटावरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "आणि ओसरीवर आई म्हणत होती, मीनलचा बरा हाय."

"हो."

"मी जळायची तुझ्यावर. देवाच्या खोलीत तू, हळदीला तू, सगळीकडं तू. मी आपली चादर धूत. मनात म्हणायची, हिला एकदा तरी येऊ दे ऐन वक्ताला."

"मीही तेच म्हणत होते," मी म्हणाले. "आणि तुमच्यावर जळत होते. तुमच्या चादरीवर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, थट्टा करते आहे का ते पाहायला. मग ओठ घट्ट मिटून हसू दाबले. दुखत होते ना. "येडी हायस," त्या म्हणाल्या. "अर्धा ओतून देता आला असता तर आजच दिला असता." आणि जरा थांबून, "गोळ्या कधीपासून घेतेस?"

"घेत नाही."

"घे. नायतर म्हातारपणी मी तुला उचलायची का? मी मोठी हाय तुझ्याहून."

त्या संध्याकाळी मी पहिली गोळी घेतली. चव कसलीच नव्हती.

कुंदाताईंचा तुकडा निर्दोष निघाला. आत ती वस्तू बसली. पहिले काही महिने थोडे थोडे डाग येत राहिले, त्या वैतागल्या. मग कमी होत होत थांबले. आता त्या जिना एका दमात चढतात. माझे हॉट फ्लश विरले, झोप लागू लागली, आणि एके दुपारी, कॉलेजात पेपर तपासत असताना, ओटीपोटात ती जुनी, ओळखीची कळ आली. ती उसनी आहे हे मला ठाऊक होते. तरी मी खुर्चीत तशीच बसून राहिले, कोणी परत आलेल्याची पावले ऐकावीत तशी.

मुलाचे काय, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. दुसऱ्या स्त्रीचे बीज, दत्तक, की दोघेच, ती दारे अजून बंद आहेत. पण आता त्यांच्यासमोर उभे राहता येते.

यंदा गौरी जवळ आल्या, आणि माझा रक्तस्राव नेमका त्याच दिवशी येणार होता. गोळ्यांची तारीख सरकवली की तोही सरकतो. आतापर्यंत घरात सगळ्यांना सगळे कळले होते. सासूबाईंनी आदल्या आठवड्यात हळूच विचारले, "म्होरं ढकलतेस का, मीनल?"

"नको, आई," मी म्हणाले. "फार दिवसांनी आलीय. तिला थांब म्हणवत नाही."

त्यांनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला, पुन्हा पुन्हा. "बरा," म्हणाल्या.

त्या दिवशी मी देवाच्या खोलीबाहेर, दाराशी पाट टाकून बसले. पोटावर गरम पाण्याची पिशवी. उंबऱ्यात कुंदाताई आल्या, हिरवे नऊवारी लुगडे, हातांत तेरड्याची जुडी, किती तरी वर्षांनी. ओला तुरट वास माझ्यापर्यंत आला. त्यांची पावले हळदीकुंकवाच्या ठशांवर पडत होती, आणि माझ्या शेजारून जाताना त्या किंचित वाकल्या.

"आता तू जळ," त्या कानात म्हणाल्या.

जळत होतेच. ती जुडी माझ्या हातांत हवी होती. पण पोटातली कळही सोडवत नव्हती. सासूबाई आल्या, पिशवी उचलून पाहिली, गार झाली म्हणाल्या, आणि नैवेद्य तसाच ठेवून पाणी तापवायला आत गेल्या.