कुंकू लावलेला कार्बुरेटर

अन्याय झाला तो दिवा गावच्या बायकांवर, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, शीळ फाट्याच्या जरा पुढे. अन्याय करणारा इसम माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता, हे मी लपवणार नाही. माझ्यासारख्या, मोर्च्यांची पत्रकं वाटणाऱ्याने घरच्यांना सूट दिली की संपलंच. तर जाहीर करतो: डोंबिवली, कल्याण, ठाणे या अख्ख्या पट्ट्यात आमच्या काकांइतका संशयी माणूस झाला नाही, आणि झाला असं कोणी सांगितलं असतं, तर काकांना त्याचाही संशय आला असता.

डॉक्टरांनी थर्मामीटर पुढे केलं की काका म्हणत, "आधी तुमच्या तोंडात धरा, बघू किती दाखवतंय." लग्न ठरताना त्यांनी आत्याची पत्रिका तीन ज्योतिष्यांना दाखवली, तिघांचं एकमत झालं, तेव्हा संशय येऊन चौथा गाठला. आत्या म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं तरी दारावरची पाटी नखाने खरवडून बघतील." पण खरा दात होता तो मेकॅनिकवर. आत्याची लोणची दुकानांना पोचवायला त्यांनी एक म्हातारी व्हॅन घेतली होती, आणि काकांच्या मते मेकॅनिक म्हणजे आपला चांगला पार्ट काढून दुसऱ्याचा सडका बसवणारा. म्हणून गाडी गॅरेजात देण्याआधी ते बॉनेट उघडून प्रत्येक महत्त्वाच्या पार्टवर खूण करत. कसली? आत्याच्या करंड्यातलं कुंकू, तेलात कालवून! पार्ट बदलला की खूण गेली, चोर सापडला.

त्या वर्षी आमची समिती दिव्याच्या पाण्यासाठी भांडत होती. नळ होते, पाणी नव्हतं. ठाण्याच्या कचेरीतल्या साहेबांनी सोमवारी बाराच्या आत बोलावलं होतं. त्या दिवशी भेट हुकली असती तर पाइपलाइन दुसऱ्या वस्तीला जाणार होती. बायका आणि त्यांचे रिकामे हंडे न्यायला काकांनी व्हॅन दिली. गाडी चढावर धापा टाकत होती, म्हणून आदल्या आठवड्यात ती शीळ फाट्याच्या मेकॅनिककडे गेली. हा खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता गाड्यांकडे वळलेला. सगळे त्याला नाखवा म्हणत. गाडी परत आली तेव्हा हॉर्न खणखणीत, दारं गुपचूप, वायपर झोकात. काकांनी बॉनेट उघडलं. कुंकवाचे सगळे ठिपके जागच्या जागी. ते आनंदले नाहीत. "एवढा प्रामाणिक?" ते पुटपुटले. "काहीतरी शिजतंय."

सोमवारी नाखवाच्या गॅरेजवरून आम्ही हॉर्न वाजवत गेलो आणि पुढच्याच चढावर गाडीने प्राण सोडला. बायका हंडे घेऊन रस्त्यात उतरल्या. काका गरजले, "बघा! फसवलं! भामटा आहे भामटा!" मी धावत जाऊन नाखवाला आणलं. त्याने बॉनेट उघडलं आणि हात जोडले.

"काका, मना वाटला दसऱ्याची पूजा केलीव तुमी. कार्बुरेटरला कुकू, पंपाला कुकू. पूजेच्या वस्तूला पाना कसा लावाचा? मग जिथं कुकू नाय, तिथलाच काम केला."

मोर्च्यात नेहमी पुढे असणाऱ्या शेवंताबाई हंडा कमरेवर घेऊन म्हणाल्या, "काका, नशीब आम्हांला नाही लावलंत. इथेच बसवून आरती केली असती त्याने!"

बायका हसत सुटल्या. काकांनी मुकाट्याने धोतराच्या सोग्याने कार्बुरेटरचं कुंकू पुसलं. म्हणाले, "घे, खोल. मी बघत नाही." आणि ते खरोखर पाठ फिरवून उभे राहिले. नाखवाने कचरा काढला, गाडी धावली, पण कचेरीत पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते.

"साहेब दौऱ्यावर गेले," शिपाई म्हणाला.

शेवंताबाईंनी हंडा खाली ठेवला आणि त्या भिंतीला टेकल्या. मी घोषणेसाठी घसा साफ करत होतो. काका मात्र अर्ध्या दारावरून आत डोकावत होते.

"कधी गेले?"

"झाला की तास."

"मग हा चहा कोणाचा? वाफ येतेय त्यातून."

आणि त्यांनी दार ढकललं. साहेब कपाटाआड डबा खात होते. पुढे पन्नास हंडे आणि काका उभे असताना कोणता माणूस पाइपलाइनच्या कागदावर सही करणार नाही?

दिव्याला पाणी आलं. बारीक धार, पण आलं. काका मागच्या वर्षी गेले. शेवटी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "काळजी नको, बरे व्हाल," तेव्हा काका नुसते "बरं" म्हणाले. उलट प्रश्न नाही, काही नाही. मी तेव्हाच आत्याला बोलावून घेतलं.

आता आमच्या मोर्च्यांत घोषणा देणारे पुष्कळ आहेत, डोकावून बघणारं कोणी नाही. म्हणून तुम्हांला सांगतो, आणि हे विनंती म्हणून सांगत नाही: पुढच्या खेपेला कचेरीत कोणी "साहेब गेले" म्हणालं, तर मागे फिरू नका. दार ढकला.