टोकाचं पाणी

कडा दिसली की तिच्यावर अंगठा आडवा फिरवायचा, ही मामांची सवय. माझ्या टेबलावरची पट्टी, डब्याचं झाकण, नवी कोरी सळई, काहीही असो. अंगठा फिरवायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "घाई न्हाई. पाणी जाईल."

जालन्यातल्या आमच्या सळईच्या कारखान्यात मामा, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, भट्टीवर सुपरवायझर होते आणि मी माल रवाना करणाऱ्या ऑफिसात. मामा रोज बदनापूरहून रेल्वेने यायचे. पोलादाच्या कामात पाणी म्हणजे पात्याचा कस. धार लावताना पातं फार तापलं की निळं पडतं, पाणी जातं, आणि मग त्याला कितीही घासा, धार टिकत नाही. मामा मात्र हे वाक्य सगळ्यांनाच लावायचे. नवीन लग्न झालेला ऑपरेटर सासऱ्याशी फोनवर भांडत होता, त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं. चहाला उशीर झाल्यावर मी कुरकुर केली की मलाही तेच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचं वाक्य आधी आपण चिडवायला म्हणतो आणि मग आपल्याच तोंडात बसतं.

एका दुपारी त्यांनी जेवणाच्या डब्याबरोबर फडक्यात गुंडाळलेला वस्तरा काढला. गंजून तपकिरी झालेला, शिंगाची मूठ तडकलेली.

"आबांचा," ते म्हणाले. "त्यांच्या बापानं निजामाच्या राज्यात हैदराबादहून आणल्ता."

आबा म्हणजे मामांचे वडील. कुंभार पिंपळगावात त्यांचं हजामतीचं दुकान होतं. म्हातारपणी दुकान बंद केलं, पण स्वतःची दाढी याच वस्तऱ्याने करायचे. मग अर्धांगाने उजवा हात गेला, मामांनी त्यांना बदनापूरला आणलं, आणि वस्तरा हजामतीच्या धोकटीत गंजत पडला. ब्लेडच्या पत्तीने दाढी करायला येणाऱ्याला आबा हात लावू देईनात. दाढी छातीपर्यंत आली. तोंडावर मामांच्या मुलीचं लग्न, आणि आबांनी जाहीर केलेलं: "जल्मभर लोकायच्या दाढ्या केल्या. असा झिपऱ्या तोंडानं मांडवात बसणार न्हाई. अन् पत्ती बी लावून घेणार न्हाई."

नात मात्र हट्टाला पेटलेली, आबा नसतील तर हळदच नको म्हणून. एकाच रक्ताची माणसं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्यामागच्या सावलीत आमचा उद्योग सुरू झाला. आमचा म्हणजे त्यांचा. मी नुसता बघ्या. रॉकेलमध्ये भिजवून गंज सैल केला, बारीक पॉलिश पेपरने घासला. मुठीला पितळेची खीळ ठोकली. मग दगडावर धार. चार वेळा घासायचं, पाण्यात बुडवायचं, पातं गालाला लावून बघायचं तापलं का. गंजाखालून हळूहळू पांढरं पोलाद निघालं आणि मामा लहान मुलासारखे खूश झाले.

टोकाशी धारेला पडलेला एक दाता, बारीक खाच, मात्र निघेना. हळद दोन दिवसांवर आली. त्या दिवशी मामा उठले आणि वस्तरा घेऊन थेट वर्कशॉपच्या ग्राइंडरच्या चाकाकडे गेले. मी मागोमाग. चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या, दाता गेला. चाक थांबलं तेव्हा टोकाशी हरभऱ्याएवढा निळा डाग होता.

जन्मभर दुसऱ्यांना थांबवणारा माणूस स्वतः घाई करून बसला होता.

"आबांना सांगू नका," एवढंच ते म्हणाले.

हळदीच्या सकाळी मीही बदनापूरला होतो. आबांना अंगणात खुर्चीवर बसवलं. मामांनी कात्रीने दाढी आधी उतरवली, फेस लावला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला. त्यांनी आयुष्यात कुणाची दाढी केली नव्हती. आरसा माझ्या हातात होता, पण आबांनी डोळे मिटून घेतले. बायकांचं बोलणं थांबलं. पातं गालावरून उतरलं, जबड्याशी वळलं, गळ्यावर आलं. मामा टोक वर ठेवून मागच्या अर्ध्यानेच काम करत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम फेसात पडत होता. गळ्याच्या घाटीपाशी हात थांबला. तिथे टोकाशिवाय जागाच नव्हती.

"टोक का लावून न्हाई राह्यला?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

पातं गळ्यावरच होतं.

"टोकाचं पाणी गेलं, आबा. माझ्याच्यानं घाई झाली."

मला वाटलं, आता उठतात.

"मंग मागच्या अंगानं घे," ते म्हणाले. "मी मान वळवतो. मला कुठं जायाचंय?"

आणि त्यांनी मान मागे टाकून, थोडी थोडी फिरवत, लेकाच्या हाताला जागा करून दिली. दाढी संपली तेव्हा मामांचे डोळे भरले होते. माझेही. आबा मांडवात पहिल्या रांगेत बसले, आणि फोटोवाल्याने उगाच हनुवटी वर करायला लावली तरी चिडले नाहीत.

पुढे दर रविवारी ही दाढी चालायची. सोमवारी गाडीतून उतरताच मामा सांगायचे, "काल बी न्हाई कापलं."

गेल्या हिवाळ्यात मामा सकाळच्या गाडीतच गेले. बसल्या जागी, डबा मांडीवर. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. घाई न्हाई म्हणणारा माणूस.

परवा बदनापूरला त्यांच्या घरी गेलो. आबा त्याच खुर्चीवर होते. दाढी पुन्हा छातीपर्यंत आलेली. डाव्या हातात वस्तरा. तेल लावलेला, स्वच्छ. ते अंगठा आडवा फिरवत टोकापर्यंत आले आणि थांबले.

"हितलं पाणी गेलंय," मला दाखवून ते म्हणाले. मग त्यांनी वस्तरा मांडीवर ठेवला. "तरी बी कधी कापलं न्हाई त्यानं."

दाढीसाठी कुणाला बोलवू का, हे विचारायला मी गेलो होतो. विचारलं नाही.