दोराचं दुसरं टोक

मुखरूच्या पायाला भिंगरी होती. जेवतानाही त्याचा एक डोळा बाहेर, बांधीतल्या, धानाच्या वाफ्यातल्या, पाण्याकडे. चामोर्शीजवळच्या त्या गावात त्याच्या शेताला लागून, खालच्या अंगाला, अंजनाबाईच्या दोन बांध्या होत्या. बाई एकटी, वर्षाचा भात काय तो त्या दोन बांध्यांतच.

अठ्ठ्याण्णव सालचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन तीन आठवडे झाले अन् धानावर सुरळीतली अळी पडली. पानाची सुरळी करून तिच्यात राहणारी ही अवदसा हिरवं खरवडून खाते, पान पांढरं पडतं. गावचा उपाय जुनाच: दोघांनी दोर धरून धानावरून ओढायचा, सुरळ्या पाण्यात पडतात. मग बांधीच्या तोंडाला लुगडं बांधून पाणी सोडायचं. अडकलेल्या अळ्या कोंबड्यांपुढे. मुखरू आणि अंजनाबाई दरवर्षी एकमेकांचा दोर धरत.

त्या दिवशी ती बाजाराला गेली होती.

"ते येतपर्यंत थांबा ना," मुखरूची बायको रुखमा म्हणाली. "लुगडंबी तिच्याच घरी हाये."

"काऊन थांबू? तवरिक अळी का उपास धरन?"

रुखमाच्या हाती टोक देऊन त्यानं दोर ओढला आणि बांधीचं तोंड तसंच फोडलं. पाणी भसाभस अंजनाबाईच्या बांधीत उतरलं, सुरळ्यांसकट! आठवड्यात याचं धान हिरवंगार आणि तिचं पांढरंफटक.

आग लागो त्या घाईला! तो धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, जाई, परत येई, पुन्हा जाई. कबूल करावं तर जीभ उचलेना. शेवटी दोर खांद्यावर टाकून तो तिच्या बांधीत उतरला. रोज तिच्यासोबत दोर ओढायचा, लुगड्यातून पाणी सोडायचं, पुन्हा बांधी भरायची. ती कामापुरतंच बोले, आणि हा आतून जळे.

दहाव्या दिवशी नवी पानं हिरवी निघाली. तेव्हा तो एकदाचा बोलला, "बाई, हे अळी माह्या बांधीतली. लुगडं न लावताच पाणी सोडलं मीनं."

"मालूम हाये," लुगडं पिळत अंजनाबाई म्हणाली. "बाजारातून आली तवाच सुरळ्या तरंगतानी पाह्यल्या."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती त शरमेनं तू पळाला असता, भाऊ. मंग दोराचं दुसरं टोक कोनं धरलं असतं?"

पुढच्या सालापासून मुखरू दोर घेऊन धुऱ्यावर तिची वाट पाहू लागला. बसत मात्र नसे, येरझारा घाली.