बंद ठेवलेला एसी

विंडो एसी बराच वेळ बंद ठेवून पुन्हा लावला की ओलसर धुळीचा एक वास येतो, आणि तो आला की मला बहरीनमधला, सनाबिसचा आमचा फ्लॅट आठवतो. बारावी झाली होती. जपानमधल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगला जाण्यासाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती, आणि व्हिडिओ बघून घरीच शिकलेल्या जपानीत मला ती द्यायची होती. जुलैतली दुपार. आमचा एसी सुरू असला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नसे, म्हणून मी तो बंद करायला लावला. सलमाबादच्या वर्कशॉपमधली शिफ्ट बदलून घरी थांबलेले बाबा दाराशी स्विचवर हात ठेवून उभे राहिले. आई पदराने वारा घालायला आली, तर कॅमेऱ्यात दिसेल म्हणून मी तिला हातानेच बाजूला सारलं. हळूहळू घाम डोळ्यांत उतरायला लागला. पडद्यावरच्या प्राध्यापकांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का? उद्या बोलायचं का आपण?" मी जपानीत म्हटलं, "एसीचा आवाज फार होतो, म्हणून बंद ठेवलाय. तुमचा प्रश्न मला नीट ऐकायचाय. विचारा." त्यांनी अंगातला कोट काढून खुर्चीला लावला आणि मगच पुढचा प्रश्न विचारला. मुलाखत संपल्यावर बाबा म्हणाले, "खलास? लावू आता?" आणि तो वास खोलीभर पसरला. आता जपानमध्ये मशीनचे आवाज तपासणं हेच माझं काम आहे. तपासणीआधी खोलीतला एसी मीच बंद करते. सहकाऱ्यांना वाटतं, बहरीनच्या मुलीला उकडतच नाही.