नुसती राहून राहिली

सिनेमातले उडणारे लोक मला आवडत नाहीत. इमारती पाडतात आणि निघून जातात. पण त्यांच्याच दुनियेतल्या गुप्तहेरांची एक मालिका लेकीनं मला दाखवली, ती मात्र आवडली. त्यात उडणारे लांबूनच जातात आणि मागचा राडा हे साध्या कपड्यातले हेर आवरतात. त्यांना ऑफिस आहे, खडूस साहेब आहे आणि एकही जेवण वेळेवर नाही. मी नांदेडच्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळते. मला ते लगेच पटलं.

पहिला सीझन आम्ही तिची बारावी झाली त्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून बघितला. कोण कुठल्या सिनेमात मेला होता आणि परत कसा आला, हे ती थांबवून थांबवून सांगायची. मग मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. मार्क कमी पडले. अशा वेळी आमच्याकडे फार विचार करत नाहीत, लेकराला लातूरला रिपीटरच्या बॅचला टाकतात. आम्हीही टाकलं. पोरगी डॉक्टर होणार, असं तिच्या वडिलांनी तर गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारणी तिला डॉक्टरीणबाईच म्हणायच्या.

रोज फोन व्हायचा. "काय करून राहिलीस?" "अभ्यास करून राहिले." पुण्याकडच्या माणसाला हे 'राहिले' विचित्र वाटतं. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की काम चालू आहे.

दुसरा सीझन आला तेव्हा ती म्हणाली, "रविवारी ये. तुझ्यासाठी थांबलेय." धपाटे आणि शेंगाची चटणी घेऊन मी लातूरची बस धरली. हॉस्टेलच्या खोलीतल्या बाकीच्या मुली टेस्टला गेल्या होत्या.

"तुझी न्हाई का टेस्ट?"

"हाय. पण तू आलीस ना."

पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून आम्ही सुरुवात केली. पहिल्या भागात नायिका गाडीत बसून एका इमारतीकडे बघत होती. दुसऱ्या भागातही तीच गाडी, तीच इमारत.

"मागल्या सीझनला लिफ्टमध्ये चौघांना लोळवणारी हीच ना? काय झालं हिला?"

"लिहिणाऱ्याला सुचंना, मम्मी."

कुणीतरी मोठा हीरो येणार, येणार म्हणून सगळे त्याचं नाव घेत होते. तो काही येईना. मी म्हटलं, "ह्याच्या आधी आमच्या साहेबाची बदली होईल." ती खळखळून हसली. ते हसू बघून तिसरा भाग लावायलाही माझी ना नव्हती.

"सुधारंल पुढं. पूर्ण बघू," मी म्हटलं.

"न्हाई सुधारत. बघ की. ती काहीच करून न्हाई राहिली. नुसती राहून राहिली."

असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला हसू आलं. वळून बघितलं तर ती हसत नव्हती आणि मोबाइलकडेही बघत नव्हती. धपाट्याचा तुकडा हातात तसाच होता.

मी मोबाइल पालथा घातला. "कोण राहून राहिली?"

"ती."

"तिचं जाऊ दे. कोण, माय?"

मग ती म्हणाली, "पुस्तक उघडून बसते. पान उलटतच न्हाई. तू विचारतीस म्हणून सांगते, करून राहिले."

"डॉक्टर व्हायचंय का तुला?"

"पप्पाला पाहिजे."

"मी तुला विचारून राहिले."

तिनं मान हलवली. नाही. आणि मग रडली. जवळ घेणं वगैरे मला पटकन जमत नाही. मी तिच्या हातातला तुकडा चटणीत बुडवून तिला भरवला आणि खोलीभर नजर फिरवली.

"ही गादी बसच्या टपावर जाती का?"

"मम्मी, रागावलीस?"

"गादीचं विचारून राहिले."

तिला तोंड धुवायला पाठवलं आणि ह्यांना फोन लावला. "अहो, पोरगी माझ्यासंगं घरी येऊन राहिली."

"सुट्टी हाय का?"

"सुट्टी न्हाई. तिला हे करायचंच न्हाई. आता परत पाठवायचं न्हाई. गादीबी घेऊन येऊन राहिलो."

ह्यांच्या डोळ्यांपुढं सगळी गल्ली उभी राहिली असणार.

"रडली का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"बरं." मग म्हणाले, "स्टँडवर मी येतो. गादी तुम्ही दोघी उचलू नका."